खड्ड्यावरची आंघोळ

कापसाने ओळीने तीन वर्षं आमच्या तोंडाला पानं पुसली, तेव्हा मी रेल्वेत चिकटलो. वणीजवळच्या कोळशाच्या लाइनवर चिमुकलं स्टेशन होतं. तिथले सिग्नल आणि फोन सांभाळायचे. त्यातलं सगळ्यात रटाळ काम म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणं. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरलेली. फोनच्या तारेवर वीज कोसळलीच, तर तिने या पट्टीतून मुकाट्याने जमिनीत जावं, स्टेशनात शिरू नये. पण आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि कोरडी माती वीज घेत नाही. म्हणून रोज दोन बादल्या.

टँकर यायचा चार दिवसांनी. खड्ड्याला पाजू की अंगावर घेऊ? मी डोकं लढवलं आणि खड्ड्याच्या झाकणावरच बसून आंघोळ करू लागलो. मग रूळ बदलणारा काटेवाला आला, मागोमाग गेटमन. सकाळी नंबर लागायचे. तपासणीला आलेले वरिष्ठ म्हणाले, या लाइनवर असं अर्थिंग दुसरं नाही. साबणाचं नाव कोणी घेतलं नाही.

मग घाटंजीकडचे नवे स्टेशनमास्तर आले. कडक इस्त्रीचे. मला चड्डीवर पाहून खवळले.

"हे काय लावलं बे? स्टेशन हाय का नदीचा घाट? उद्यापासून बंद!"

"अन् साहेब, खड्ड्याले पाणी?"

"बादलीनं टाक. कपडे घालून."

मी रुसलो. खड्ड्याचं पाणी बंद केलं आणि स्वतःची आंघोळही. रजिस्टरात मात्र रोज 'पाणी टाकले' लिहून सही ठोकत होतो. माझ्याएवढा गाढव त्या लाइनवर दुसरा नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं. मालगाडीची चौकशी करायला मास्तरांनी फोन कानाला लावला आणि फाडकन आवाज झाला. फोन जळाला, मास्तर खुर्चीसकट आडवे. डोळे उघडे, पण बोलेनात. त्यांच्या दोन मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. वणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

मास्तर वाचले. महिन्याभराने परतले, पण उजवा हात लुळाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कमरेला टॉवेल गुंडाळून ते खड्ड्यावर बसलेले, शेजारी भरलेली बादली.

मला राहवेना. म्हणालो, "साहेब, मी आठ दिवस पाणी टाकलंच नव्हतं."

"मले ठाऊक हाय," मास्तर म्हणाले. "तुह्या अंगाचा वास येऊन राह्यला होता ना. पण मीबी अडून बसलो, खड्डा पाहाले गेलो नाही."

त्यांनी डाव्या हाताने बादलीतला प्लास्टिकचा मग माझ्यापुढे धरला.

"आता वत पाणी. मले वतता येत नाही."