अर्धीच टोपली

माझी आत्या संग्रहालयात कामाला आहे असं सांगितलं की लोक विचारतात, "झाडलोट का?" नाही. ती तिथे बसते. आदिवासी कला-संस्कृतीच्या दालनात मुखवटे काचेआड, ढोल काचेआड आणि कोपऱ्यात चटईवर, काचेशिवाय, माझी आत्या. तिनं टोपली विणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायचं.

अडचण एवढीच, की टोपली पुरी करायची नाही.

तिथल्या मॅडमचं नाव आत्यानं ‘जराबाई’ ठेवलंय, कारण ‘जरा’शिवाय त्यांचं वाक्य पुढे सरकत नाही. जराबाईंचं म्हणणं, पुऱ्या झालेल्या टोपल्या दालनात ढिगानं आहेत. लोकांना काम चालू असलेलं दिसलं पाहिजे. म्हणून टोपली अर्ध्यावर आली की वरच्या ओळी उसवायच्या. आता बांबूची कामटी ओली असते तोवर वाकते. सुकली की उसवताना मोडते. आत्यानं हे सांगून पाहिलं. जराबाई म्हणाल्या, "मग जरा नव्या आणा."

आत्या घरी येऊन चरफडायची. "हे काय काम आहे? भांडी घासायची आणि परत खरकटी करून ठेवायची!"

त्यात तिच्या मुलीला दिवस गेले. आमच्या घरात प्रत्येक बाळ आधी आजीनं विणलेल्या टोपलीत झोपतं. मी झोपलो, माझी बहीण झोपली. आणि इथे खुद्द विणणारीच्या घरात टोपली नाही! दिवसभर बोटं सोलवटून घेतल्यावर रात्री पुन्हा कामटी हातात धरायचं तिला त्राण नसायचं. "दिव्याखाली अंधार," म्हणायची आणि हाताला तेल चोळत बसायची.

आज बाळ दवाखान्यातून घरी यायचं होतं. आत्याला घेऊन यायला मला पाठवलं. बघतो तर ही अजून विणतेय.

"आत्या, चल ना! सगळे खोळंबलेत."

"गप उभा राहा. त्यापेक्षा पाणी शिंपड या कामट्यांवर."

मी कामट्यांवर पाणी शिंपडतोय तोच जराबाई आल्या.

"अर्ध्यावर आली ना? बास. उद्या शाळेची मुलं येणारेत. उसवून ठेवा जरा, म्हणजे त्यांच्यासमोर परत चढवता येईल."

आत्यानं मान वर केली नाही. उभ्या कामट्यांची टोकं ती एकेक करून वाकवत होती, शेजारच्या ओळीत खोचत होती. काठ वळत चालला होता.

"अहो, हे काय करताय? उंच टोपलीचं ठरलं होतं आपलं!"

"उंच असते ती धान्याची. बाळाची एवढीच. जास्त उंच केली तर त्याला काय विहिरीतून काढल्यासारखं काढायचं?"

"पण मी अर्धीच म्हटलं होतं!"

"अर्धीच आहे. मोजा."

जराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ढोलाकडे बघितलं.

"आणि ही घरी नेणार तुम्ही?"

"बांबू मी घरून आणते. तुमची फक्त चटई. ती ठेवून जाते."

"मग उद्या मुलांना मी जरा काय दाखवू?"

"उद्या नवं बूड घालते. तेही अर्धंच ठेवीन, घोर लावून घेऊ नका."

शेवटचं टोक खोचून ती उठली, गुडघे धरून, कण्हत. टोपली कमरेवर घेऊन आम्ही दारापर्यंत आलो, तर पहारेकरी हसत म्हणाला, "काय बाई, अर्धीच नेताय? पुरी तरी करायची!"

आत्यानं कपाळावर हात मारला. "सांग रे याला. माझ्यात दम नाही आता."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच सुरू झाली. काठ कसा वळतो, धान्याची केवढी, बाळाची केवढी. मागे बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली. माझा फोन वाजला. घरून होता: बाळ दारात आलंय, टोपली कुठाय?

"आत्या, टोपलीचं विचारतायत."

"झालीय म्हणून सांग!" ती एवढ्यानं ओरडली, की दालनातल्या जराबाईंनाही ऐकू गेलं असणार. "पुरी झालीय!"