गढीतून आलेले पाहुणे

नातीची वैदीण मी मारली. हातानं नाही, पाहुणचारानं. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली, म्हणजे अंगात रग आणि डोक्यात हवा, दोन्ही भरपूर.

वैदीण म्हणजे टॅबवरच्या खेळातली. त्यात चौकोनांचा पट असतो, आपली मूठभर माणसं असतात आणि समोर शत्रूची. आधी आपली पाळी, मग त्यांची. वैदीण स्वतः लढत नाही, जखमी गड्यांना बरं करते. नातीनं तिला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी जपून वाढवलं होतं, कारण त्या खेळात मेलं ते मेलं. परत येत नाही.

नातीला दातांना तार बसवायला परभणीला जायचं होतं आणि लढाई अर्धीच राहिली होती. मीच म्हटलं, "दे इकडं, पुढचं मी खेळते." मला खेळायला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळं माझी लायकी तिला चांगली ठाऊक. चपला घालता घालता तिनं बजावलं, "आजी, त्या दोन गढ्या दिसायल्यात ना, तिथून त्यांची कुमक येती. वैदिणीला गढीजवळ न्यायचं न्हाई."

"येऊ दे की कुमक. मी हाय ना!"

बाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि मोहिमेवर निघाल्या. समोरचे भालेवाले मी असे आडवे केले की माझी मलाच दाद द्यावीशी वाटली. गढ्या ओस पडलेल्या. तेवढ्यात माझ्या घोडेस्वाराला लागलं, आणि तो नेमका गढीला खेटून उभा. त्याला बरं करायला मी वैदिणीला तिथंच नेलं. नातीनं बजावलेलं मी विसरले नव्हते हं. पण मी विचार केला, समजा कुमक आलीच, तरी आल्या आल्या तलवार कोण उपसतं? माणूस दारात येतो, पाय धुतो, गूळपाणी होतं, घरच्यांची ख्यालीखुशाली होते. तेवढ्यात माझी पाळी येईल आणि मी वैदिणीला मागं नेईन. उभा जन्म सोनपेठला गेला, दुसरं काही डोक्यात येणार कुठून?

शत्रूची पाळी आली. गढीतून दोन कुऱ्हाडवाले निघाले आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता वैदिणीवर धावले. पडताना ती बिचारी काहीतरी बोलली, ते पडद्यावर उमटलंही. मी वाचलंच नाही, "अरे थांबा, थांबा की!" म्हणत काचेवर बोटं आपटत होते. खेळ आपोआप जतन होतो. मागं फिरायची सोय नाही.

मग मी शहाण्या बाईसारखी मुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला करायला घेतला. तार बसवलेल्या दातांना मऊ काहीतरी, म्हणून. आणि त्यात मूठभर शेंगदाणे टाकले.

नात आली, ताटली पुढं घेतली आणि एकेक शेंगदाणा बाजूला काढत टॅब उघडला.

"आजी, वैदीण कुठाय?"

"खा आधी. निवायलंय."

"गढीजवळ नेली ना?"

"त्यांनी आल्या आल्या मारलं गं! काही रीतभात?"

"काही खेळांत नवे आलेले एक पाळी थांबतेत. ह्याच्यात न्हाई थांबत. म्हणून तर सांगितलं होतं." तिचे डोळे भरले. "आता अजून कुमक येणार. वैदीण न्हाई, म्हणजे बाकीचेबी मरतेत."

तिला हसवावं म्हणून मी माझी जुनी फजिती काढली. नवी सून होते तेव्हाची. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले पाहुणे आमच्याकडंच जेवायचे. पहिली पंगत उठली, मी चूल विझवली आणि ताट वाढून घेतलं. तेवढ्यात एसटी आली, आणि एसटीतून दुसरी पंगत उतरली. मी ताटासकट गोठ्यात पळाले.

"म्हशीपुढं जेवलीस?"

"म्हशीनंच अर्धी भाकर खाल्ली. पण पुढच्या बाजाराला माझी सासू पहिली पंगत उठल्याबरोबर उंबऱ्यातच पाय पसरून बसली, अडकित्ता घेऊन. आत पाय टाकायला जागाच न्हाई. आलेले ओट्यावरच सुपारी खात बोलत बसले, आणि आत माझ्या भाकरी निवांत झाल्या."

नातीच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला.

"आजी, गढीच्या चौकोनात आपलाच माणूस बसवला तर?"

"तर काय होईल?"

"बघू."

आधी तिनं त्या दोन कुऱ्हाडवाल्यांचा निकाल लावला. मग चिलखतवाला जाड्या एका गढीत नेऊन बसवला, दुसरीत तो घोडेस्वार. शत्रूची पाळी आली नि गेली. गढीतून कोणी निघालं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. शेवटी शत्रूचा सरदार एकटाच उरला, आणि नातीनं त्याला चौघांत घेरून पाडलं. आमचं आणखी कोणी गेलं नाही.

तिनं टॅब पालथा ठेवला, सुशील्याचा शेवटचा घास खाल्ला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, तुझ्याऐवजी तुझी सासू खेळली असती ना, तर माझी वैदीण जित्ती असती."