अळणी जीभ

चष्म्याच्या दुकानामागे एक अंधारी खोली होती. गेली सव्वीस वर्षं तो त्या खोलीत लोकांचे डोळे तपासत होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खालीवर होणारी खुर्ची, बाजूला भिंगांची पेटी. काम असं, की समोरच्याच्या नाकाला नाक लागेल इतकं वाकावं लागे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाची पापणी वर धरलेली, आणि तोंडाने हलक्या आवाजात सारखं चालू, "छान. आता खालची ओळ. आता त्याच्या खालची." त्यावरून सगळा रस्ता त्याला 'खालची ओळ' म्हणायचा. त्याला ते आवडायचं. टोपणनाव पडायला माणूस लोकांच्या रोजच्या बोलण्यात असावा लागतो, असं तो बायकोला सांगायचा.

त्या दुपारी खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. तो वाकला, टॉर्च लावला, आणि त्याच्या लक्षात आलं की बाई श्वासच घेत नाहीयेत. ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर ताठ. तो मागे सरला तसा बाईंनी भस्सकन श्वास सोडला. घाबरल्या असतील, असं त्याला वाटलं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही तेच झालं.

निघताना बाई दाराशी थांबल्या. दुकानात दुसरं कुणी नाही हे त्यांनी आधी पाहून घेतलं.

"राग मानू नका. वर्गात पोरांना सांगायचे, तसंच सांगते. तुमच्या तोंडाला वास येतो. पोट बिघडलं असेल, नाहीतर दात. एकदा दाखवून घ्या."

बाई इतक्या मायेने बोलल्या की त्याला चिडायलाही जागा उरली नाही. तो "हो, हो, बरं झालं सांगितलंत" असं काहीतरी पुटपुटला, काउंटरमागे गेला आणि एकच काच दहा मिनिटं पुसत राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. गेल्या वर्षभरातले चेहरे एकेक करून समोर येऊ लागले. खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवणारी ती नवी नवरी. "काका, लांबून नाही का बघता येणार?" असं विचारणारा टॅक्सीवाला, ज्याच्यावर तो स्वतःच मोठ्याने हसला होता. रुमाल नाकाला लावून बसलेले बँकेतले साहेब, ज्यांना त्याने उलट विचारलं होतं, "सर्दी झाली वाटतं?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

दातांचा दवाखाना चार दुकानं सोडून होता. पण तिथे जायचं म्हणजे आ करून कुणासमोर तरी बसायचं, आणि त्या माणसाने मान वळवलेली बघायची. ते त्याच्याने होईना. दुसऱ्या दिवशी तो बसने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि जिथे त्याला कुणी ओळखणार नाही अशा एका औषधाच्या दुकानात शिरला.

फळीवर हिरव्या, निळ्या, गुलाबी बाटल्यांची रांग होती. त्याने खिशातलं भिंग काढलं आणि बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. लोकांना आयुष्यभर खालची ओळ वाचायला लावणारा माणूस तिथे ओठ हलवत खालच्या ओळी वाचत उभा होता. शेवटी काउंटरवरच्या फार्मसीवाल्या बाई पुढे आल्या.

"कुणासाठी पाहिजे?"

"सासऱ्यांसाठी," तो म्हणाला. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"कवळी आहे का त्यांना?"

"आहे. म्हणजे, होती."

"होती म्हणजे?"

"म्हणजे... वरची आहे. खालची हरवली."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे पाहिलं, आणि तोंडावरची रेषही न हलवता समजावायला लागल्या. "ही निळी नुसती वासाची. तास-दोन तास बरं वाटतं, मग येरे माझ्या मागल्या. ह्या हिरवीत अल्कोहोल आहे. झोंबते, आणि तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडाला उलट जास्त वास येतो. आणि ही जंतू मारणारी. काम चांगलं करते. पण डॉक्टर ही दोन आठवड्यांपुरती देतात, फार दिवस नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि जिभेची चव बिघडते. मिठाची तर पहिली. घेणं थांबवलं की येते परत. पण मुळात वास कशाचा येतो ते शोधायला नको का? आधी दात दाखवायला सांगा सासऱ्यांना."

"सांगतो," तो म्हणाला, आणि तिसरी बाटली उचलली. त्याने हिशेब असा केला होता की डाग काय, ओठ मिटले की झाकले जातात. चव ज्याची त्याच्या तोंडात, दुसऱ्याला काय कळणार? वास मात्र खोलीभर होतो. त्याने दोन बाटल्या घेतल्या. एक दुकानात भिंगांच्या खोक्यांमागे ठेवली, दुसरी घरी न्हाणीघरात, जुन्या बादल्यांच्या आड.

लेबलवर दिवसातून दोनदा लिहिलं होतं. तो चारदा चुळा भरू लागला. वास उतरला असावा, कारण खुर्चीतली माणसं आता श्वास घेत होती. तो प्रत्येकाच्या छातीकडे बघून खात्री करून घ्यायचा. दोन आठवडे झाले, तीन झाले. थांबायचं त्याचं धाडसच होईना.

त्याची बायको छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. रोज साठ माणसांचं जेवण. तिच्या हाताला चव आहे असं लोक म्हणायचे, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण घरी आल्यावर दोनदा सांगायची. नवीन काही करायचं असलं की आधी घरी करून नवऱ्याला चाखायला द्यायचं, हा लग्नापासूनचा शिरस्ता. त्याने मान हलवली तरच ते कॅन्टीनमध्ये जायचं.

एका संध्याकाळी तो कालवणाचा घास घेऊन म्हणाला, "आज मीठ विसरलीस की काय?"

"घातलंय की."

"अळणी लागतंय."

तिने चाखलं, कपाळाला आठी घातली आणि वरून मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी घास तोंडात असतानाच त्याला फार्मसीवाल्या बाई आठवल्या. मिठाची तर पहिली. चमचा हातात तसाच राहिला. तेव्हा बोलला असता तर एवढंच झालं असतं की बायकोला बाटलीचं कळलं असतं. पण बाटलीचं सांगायचं तर वासाचं सांगावं लागणार, आणि तिच्या तोंडून "हो, येतो" हे ऐकायची त्याची छाती नव्हती.

"आज कसं आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. पण तो जन्मभर "झकास" म्हणत आला होता. 'ठीक आहे' म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं.

पुढच्या आठवड्यात ती कॅन्टीनमधून आली ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"आज सूप कुणी प्यायलं नाही," ती म्हणाली. "नुसतं मीठ होतं म्हणे. फोरमन स्वतः आत आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, ताई, तब्येत बरी नाही का? मला चाखून बरोबरच वाटलं होतं हो. पण म्हटलं, घरी रोज कमी पडतंय, म्हणजे माझाच अंदाज चुकतोय. म्हणून वर दोन मुठी घातल्या."

तो बुटाची नाडी सोडत होता. ती सोडायला लागतो त्याहून जास्त वेळ त्याने लावला.

"आईचं असंच सुरू झालं होतं," ती हळूच म्हणाली. "आधी मीठ. मग गॅस चालू ठेवायची. मग माणसं ओळखेना."

"काहीतरीच काय! दमली असशील," तो म्हणाला, उठून न्हाणीघरात गेला आणि तोंड धुतलं. आरशात पाहिलं तर पुढच्या दातांच्या फटीतून चहाच्या डागासारखं तपकिरी दिसत होतं. त्याने ओठ मिटले. स्वतःची त्याला इतकी किळस यापूर्वी कधी आली नव्हती. आणि तरीही तो त्या संध्याकाळी काही बोलला नाही. पुढचे आठ दिवसही बोलला नाही.

त्या आठ दिवसांत ती बदलली. गॅस बंद केलाय का, हे बघायला जिन्यावरून परत यायची. शेजाऱ्यांच्या मुलांची नावं मनाशी म्हणून बघायची. बोलता बोलता एखादा शब्द आठवला नाही तर पांढरीफटक पडायची. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतल्याचं तिने त्याला सांगितलं, तेही पाठ फिरवून, भांडी पुसता पुसता. आणि एक दिवस सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा शेगडीच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसला. तिच्या गोल, नीट अक्षरात वारांची नावं होती, आणि प्रत्येक वारापुढे 'मीठ घातलं' असं लिहून बरोबरची खूण. शनिवारच्या खुणेपुढे दुसरी खूण होती, आणि ती खोडून बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एकदाच. नक्की.'

तो त्या 'नक्की'कडे बघत उभा राहिला. मग न्हाणीघरात गेला, बादल्यांमागून बाटली काढली आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुझी जीभ शाबूत आहे. माझी गेलीय. ह्याने."

तिचा चष्मा आत राहिला होता. त्यानेच लेबल वाचून दाखवलं, वरपासून खालच्या ओळीपर्यंत. दातांवर डाग पडू शकतात. चवीत बदल होऊ शकतो. मग मुख्याध्यापिका बाईंचं सांगितलं, दूरच्या दुकानाचं सांगितलं, मेलेल्या सासऱ्यांच्या कवळीचंसुद्धा सांगितलं. ती हसेल अशी त्याला थोडी आशा होती. ती हसली नाही.

"कधी कळलं तुम्हाला, मीठ तुमच्यामुळे लागत नाही ते?"

"तिसऱ्या दिवशी."

ती बोटांवर दिवस मोजत राहिली. मग म्हणाली, "वासाचं मला वर्षभरापासून माहीत आहे. तुम्हाला लागेल म्हणून मी बोलले नाही. चुकलंच माझं, बोलायला हवं होतं. पण मी गप्प बसले ती तुम्हाला सांभाळायला. तुम्ही गप्प बसलात आणि मला वेड लागतंय असं मला वाटू दिलंत."

तो "माफ कर" म्हणाला, पण ते शब्द त्याला स्वतःलाच अळणी लागले.

दुपारी दुकान बंद करून तो छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेला. जेवणाची सुट्टी होती, बाकांवर माणसं बसलेली, शाईने काळे हात पुसत. तो जेवण वाढायच्या खिडकीपाशी गेला आणि फोरमनला म्हणाला, "त्या दिवशीचं सूप माझ्यामुळे बिघडलं. हिच्यामुळे नाही." आणि उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, सगळं सांगितलं. खरं वाटावं म्हणून ओठ वर करून दातही दाखवले. मागून कुणीतरी म्हणालं, "खालची ओळ पण दाखवा!" आणि सगळं कॅन्टीन खदखदलं. एकटे फोरमन हसले नाहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याला हसण्यापेक्षा जड वाटला.

आपण मोठं प्रायश्चित्त घेतलं असं त्याला बाहेर पडताना वाटलं. बायको मागोमाग दारापर्यंत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं चव्हाट्यावर यायला? फोरमनला बाजूला घेऊन बोलता आलं नसतं? आता उद्यापासून तुमच्या दातांवरून मलाच ऐकावं लागणार." आणि ती आत निघून गेली. आपली लाज धुवायच्या नादात आपण तीच लाज उचलून तिच्या कामाच्या जागी ठेवून आलो, हे त्याला परतीच्या वाटेवर कळलं.

तसाच तो चार दुकानं सोडून असलेल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर तरुण होती. तिने मान वळवली नाही. मागच्या दाढेवर बारा वर्षांपूर्वी बसवलेली कॅप काढली, तर खाली सगळं सडलेलं. हिरड्यांतही पू. "ह्याच्यावर वरून कितीही औषध ओता, काय उपयोग?" ती म्हणाली. दाढ काढली, हिरड्या साफ केल्या, तपकिरी डाग खरवडले, बाटली बंद करायला सांगितली. पंधरा दिवसांत वास गेला. चव त्याच्याही आधी परतली. पण तो ते घरी बोलला नाही. आपण होऊन चवीबद्दल काही बोलायचा आपल्याला आता हक्क नाही, असं त्याला वाटे. नवीन पदार्थ ती आता शेजारच्या वहिनींना चाखायला नेऊन द्यायची.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "आता कशाला जायचं? कारण कळलंय ना."

"तुम्हाला कळलंय," ती म्हणाली. "मला डॉक्टरांकडून ऐकायचंय."

तो बरोबर गेला आणि बाहेरच्या लांब बाकावर बसला. आतून तिचा आवाज येत होता. शंभरातून सात वजा करत ती खाली येत होती, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तोही मनात मोजत होता. बहात्तरनंतर त्याचा घोळ झाला. तिचा झाला नाही.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. तो उठून उभा राहिला.

"काय म्हणाले?"

"डोकं ठणठणीत आहे म्हणाले. काही म्हणजे काही विसरत नाही मी." ती पदर सारखा करत होती. मग तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "ते आठ दिवस पण नाही विसरणार."

त्याने मान खाली घातली. तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती क्षणभर घट्ट धरली, मग दिली, आणि ती दोघं बसथांब्याकडे निघाली, ती दोन पावलं पुढे.