झोपाळूंच्या गावाला जाणारी गाडी

बस स्थानकावर चौकशीची खिडकी आणि कंट्रोलरची खोली यांच्यामध्ये सहा बाय सहाची एक कोठडी आहे. त्या कोठडीत सत्तावीस वर्षं एक बाई बोलत होती. बोलण्याचाच पगार मिळत असल्यामुळे ती घरी फुकट बोलत नाही, असं तिचा नवरा सांगत फिरायचा. ते साफ खोटं होतं. ती घरीही तितकंच बोलायची, आणि तेही माइकची गरज नसलेल्या आवाजात.

स्टँडवर तिला भोंगाबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’. पण भिंतीला कान असतात आणि बाईंना तर चांगलेच होते, त्यामुळे तिला माहीत होतं. राग नव्हता. भोंगा म्हटलं तर भोंगाच होता तिचा, आणि माइकवर तिने स्वतःचा रुमाल रबर लावून बांधला होता, म्हणजे श्वासाची फुसफुस ऐकू जाऊ नये. तो रुमाल दर सोमवारी धुतला जायचा. कोणी त्या माइकला हात लावला की बाई असं बघायची की हात आपोआप खिशात जायचा.

तिची खासियत म्हणजे ती गावांना नुसत्या नावाने हाक मारत नसे. ह्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक सबंध कुटुंब, गाद्या, पिंप आणि आजोबांसकट भलत्याच गावी जाऊन उतरलं. घोषणा बरोबर होती, पण गर्दीत कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी बाईने नावापुढे जोडलं, “म्हणजेच घड्याळांच्या गावाला जाणारी गाडी.” तिथे घड्याळांचा कारखाना होता. त्यानंतर त्या गाडीत चुकून कोणी चढलं नाही. मग बाईला चटकच लागली. चाळीस गावं, चाळीस टोपणनावं. एक तीन पुलांचं गाव, एक पायऱ्यांचं गाव, एक भांडकुदळांचं गाव, एक चिकटांचं गाव. सात नंबरच्या फलाटावरून दुपारी बाराला सुटायची ती झोपाळूंच्या गावाला जाणारी गाडी. लोकांना मजा यायची. गाडी यायला वेळ असला तरी माणसं घोषणा ऐकायला मान वर करायची.

हे असं सुखात चाललं असताना नवीन डेपो मॅनेजर आले. वय चौतीस, इस्त्री कडक, आणि सोबत एक मशीन. मशीनमध्ये एका पोरीचा आवाज भरलेला होता, साखरेत घोळून काढलेला. बटण दाबलं की गाव, वेळ, फलाट, धन्यवाद. ना सर्दी, ना रजा. मशीन अजून खोक्यात होतं, कारण बाईला निवृत्त व्हायला आठ महिने होते आणि साहेबांना उगाच वाईटपणा घ्यायचा नव्हता.

पण वाईटपणा घ्यायला दुसरंच कोणी तयार झालं. झोपाळूंच्या गावाच्या नगराध्यक्षांचं पत्र आलं. गावाची बदनामी थांबवा, लेखी माफी मागा, आम्ही शुक्रवारी शिष्टमंडळ घेऊन येत आहोत.

साहेबांनी बाईला बोलावलं.

“बाई, त्या गावाला झोपाळूंचं म्हणता ते कशावरून?”

“सगळेच म्हणतात, साहेब.”

“सगळे म्हणजे कोण?”

“आपले ड्रायव्हर.”

“तुम्ही कधी गेला होता तिथे?”

 बाई झोपाळूंच्या गावी कधी गेलीच नव्हती. घड्याळांच्याही नाही, पायऱ्यांच्याही नाही. चाळीस गावांना रोज हाका मारणारी ही बाई माहेर आणि सासर सोडून कुठे गेलीच नव्हती, आणि तिचं माहेर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं.

“शुक्रवारी त्यांचं समाधान झालं नाही,” साहेब टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “तर मला मशीन लावावं लागेल. तुमची सोय करू. हरवलेल्या वस्तूंच्या कपाटाशी माणूस हवाच आहे.”

हरवलेल्या वस्तूंच्या कपाटाशी! छत्र्या आणि एकेकटे बूट यांच्याशी काय बोलायचं? बाई बाहेर आली ती नाकाचा शेंडा लाल करून.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, म्हणजे घाई नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती. भेंडी चिरता चिरता म्हणाला, “सत्तावीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यास की गं तू.”

“टोमणे नंतर मारा. उद्या बुधवार, माझी सुट्टी. मी जाऊन येते.”

“मीपण येतो. एकटी गेलीस तर अख्ख्या गावाला जागं करशील.”

बाराच्या गाडीवर ड्रायव्हरमामा होते. मूळ नाव ठेवणारे हेच. बाईंना प्रवासी म्हणून चढताना बघून त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी दोनदा हॉर्न दिला. वाटेत बाईने त्यांच्या मागच्या सीटवरून सरळ उलटतपासणीच घेतली.

“मामा, झोपाळू म्हणजे किती झोपाळू?”

“अहो, दोनला गाडी लावतो. गल्लीत माणूस दिसेल तर शपथ! दुकानं बंद, दारं बंद. घोरण्याचा आवाज मोजून घ्या. चहासुद्धा मिळत नाही.”

“आणि मग?”

“मग काय, अडीचला गाडी फिरवतो.”

“म्हणजे तीस वर्षांत तुम्ही त्या गावात रोज अर्धा तास थांबलात?”

“बाई, ड्युटी आहे ती,” मामा दुखावल्या आवाजात म्हणाले. “सहल नाही.”

 

गाव मामांनी सांगितलं तस्सं होतं. दोन वाजले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं आणि रस्त्यावर फक्त एक कुत्रं होतं, तेही आडवं. दोन्ही बाजूला बैठी घरं, सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. बाई चार घरं चालून गेली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, इथे खरंच चिटपाखरू नाही!”

तिचा नेहमीचा आवाज म्हणजे बारा फलाटांना पुरणारा. एक खिडकी धाडकन उघडली आणि पांढऱ्या केसांची एक म्हातारी बाहेर डोकावली.

“कोण मेलं ओरडतंय? आत्ता कुठे डोळा लागलाय पोरांचा!”

“चुकलं हो आजी, मी फक्त…”

“थांब.” म्हातारीने डोळे बारीक केले. “परत बोल.”

“काय बोलू?”

“अगं बाई! फलाट क्रमांक सात! तूच ना ती? दर महिन्याला डोळे दाखवायला येते मी तुमच्या तिकडे. मला वाटायचं चांगली धिप्पाड असशील.” आणि मग, दाराची कडी काढत, “या आत. पण कुजबुजून बोला.”

कुजबुजणं बाईला जमत नव्हतं. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंडावर पदर धरून बोलताना पाहिलं आणि ते दृश्य त्याला फार आवडलं. दारात चपलांची रांग होती आणि प्रत्येक चपलेवर पिठाचा पांढरा थर. चित्रकलेच्या मास्तरांच्या नजरेस ते आधी पडलं. त्याने बाईला कोपराने ढोसलं.

म्हातारीने त्यांना मागच्या दाराने नेलं. तिथे विटांची भट्टी होती, घरातल्या खोलीएवढी. विझलेली, पण हात जवळ नेला तर अजून गरम. भिंतीला लांब दांड्याची लाकडी फावडी टेकवलेली, कठड्यावर धुतलेले पत्र्याचे साचे पालथे घातलेले.

“अशा पंचेचाळीस भट्ट्या आहेत गावात,” म्हातारी सांगू लागली. “आम्ही एकला उठतो. दुपारी नाही, मध्यरात्री. चारला पाव तयार. पहिल्या गाडीच्या टपावर क्रेट चढतात आणि अकरा गावांना जातात. मग साफसफाई, दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळायचं, जेवायचं, आणि बाराला आडवं व्हायचं. तू सकाळी काय खातेस?”

“चहा-पाव,” बाई पदरामागून म्हणाली.

“रोज?”

“रोज.”

“मग कोणाच्या हातचं खातेस असं वाटलं तुला?”

बाईने खरंच कधी विचार केला नव्हता. पाव दुकानातून येतो, एवढंच तिला माहीत. ती ओट्यावर बसली. मग ती जे विचारायला आली होती ते तिने विचारलं, “आजी, झोपाळू म्हटलेलं लागतं का हो तुम्हाला?”

“मला कशाला लागेल? माझी झोप कमाईची आहे. पण तू अर्धंच सांगतेस ना. का झोपतो ते सांगत नाहीस. अर्धं सांगितलं की शिवी होते त्याची.” म्हातारीने नाक उडवलं. “आणि अध्यक्षांचं म्हणशील तर त्यांचं बुटांचं दुकान आहे. ते दहाला उठतात. त्यांना गावाचं नाव सुवर्णनगरी करायचंय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!”

अडीचची गाडी बाईने जाऊ दिली. साडेचारला पडदे सरकले आणि गल्ली अशी भरली की मघाचीच ती म्हणून ओळखू येईना. पोती उतरत होती, पोरं पाटीभर लाकडं ओढत होती, दोन जावा दारात उभ्या राहून एकमेकींच्या यीस्टला नावं ठेवत होत्या. हे सगळं रोज घडत होतं आणि त्या वेळेपर्यंत मामांची गाडी दोन तास पुढे निघून गेलेली असायची. गाव झोपाळू नव्हतं. आपलं टाइमटेबल आंधळं होतं.

शुक्रवारी साडेअकराला शिष्टमंडळ आलं. अध्यक्ष पुढे, मागे तीन जण परीटघडीच्या कपड्यांत. खुर्च्या मांडल्या गेल्या, पंखा लावला गेला. अध्यक्षांनी घसा साफ केला.

“माझा पुतण्या परवा नोकरीच्या मुलाखतीला गेला. त्याला पहिला प्रश्न काय विचारला? म्हणे, ऑफिसात जागे राहाल ना! हे कोणामुळे? ह्या बाईंमुळे.”

“खरं आहे,” बाई म्हणाली.

अध्यक्ष भांडणाच्या तयारीने आले होते. ते अडखळले. “काय खरं आहे?”

“चूक माझी आहे. मी कधी गाव बघितलं नव्हतं. परवा बघून आले. नाव खोटं नाही, पण अर्धं आहे.”

“आम्हाला अर्धं नको आणि पूर्णही नको. आम्ही सुवर्णनगरी ठरवलंय.”

“सोनं कुठे आहे हो तिथे?”

“भावनेत आहे!” अध्यक्ष म्हणाले आणि पाठिंब्यासाठी मागे वळले. मागे पाठिंबा तीन खुर्च्यांत तीन प्रकारे झोपलेला होता. एकाची मान छातीवर, एकाची भिंतीला, आणि तिसरा मधल्याच्या खांद्यावर व्यवस्थित घोरत होता. तिघेही भट्टीवाले होते. रात्रभर पाव भाजून, आंघोळ करून, अध्यक्षांच्या शब्दाखातर आले होते. पंखा लागला आणि खेळ खलास. अध्यक्षांनी एकाला कोपर मारलं. त्याने झोपेतच “क्रेट मोजले, क्रेट मोजले” म्हणून कूस बदलली.

साहेबांनी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात कंट्रोलरची घंटा वाजली. बाराची गाडी फलाटाला लागली होती.

“साहेब, ही एक घोषणा मला करू द्या,” बाई उठत म्हणाली. “मंडळी इथे आहेतच. नाही पटली तर मी आपल्या पायांनी कपाटाकडे जाते.”

साहेब हो म्हणाले की नाही हे तिने ऐकलंच नाही. एका मिनिटात स्टँडभर आवाज घुमला.

“फलाट क्रमांक सात. झोपाळूंच्या गावाला जाणारी गाडी सुटत आहे. प्रवाशांनी लक्ष द्यावं. तुम्ही उतराल तेव्हा तिथली दारं बंद असतील. कडी वाजवू नका, मोठ्याने बोलू नका. अकरा गावांनी आज सकाळी चहात बुडवून जो पाव खाल्ला, तो रात्री एकपासून भाजून ती माणसं आत्ता पाठ टेकत आहेत. आपण झोपतो तेव्हा ती जागी असतात, म्हणून त्यांना झोपाळू म्हणतात. त्यांना झोपू द्या. धन्यवाद.”

 मग कँटीनच्या बाजूने कोणीतरी हसलं आणि एकाने हातातला अर्धा पाव उंच करून दाखवला. सात नंबरची रांग चक्क हळू आवाजात गाडीत चढू लागली.

ऑफिसात तिन्ही भट्टीवाले जागे झाले होते. आपल्या गावाची हाक ऐकून माणूस गाढ झोपेतूनही उठतो. मधल्याने तोंडावरून हात फिरवला.

“हे बरोबर बोलल्या त्या,” तो म्हणाला. “असंच म्हणत जा, बाई. परवा आमच्या दारावर कोणीतरी दोनला धडका देत होतं.”

“अरे, आपलं सुवर्णनगरीचं ठरलंय ना!” अध्यक्ष कळवळले.

“ते तुमच्या दुकानाला ठेवा की. आता ही गाडी पकडू या का? माझी झोपायची वेळ टळून गेली.”

तिघे उठून चालायला लागले, मग अध्यक्षांना काय करायचं राहिलं? एकट्या माणसाचं शिष्टमंडळ होत नाही. त्यांनी आपलं निवेदन उचललं, दारात थांबले आणि शक्य तितक्या रुबाबात म्हणाले, “पंचेचाळीस भट्ट्या आहेत हे सांगायचं राहिलं त्यांचं.”

“उद्यापासून सांगेन,” कोठडीतून परत येत बाई म्हणाली.

मंडळी गेल्यावर साहेब बराच वेळ कागद सरळ करत बसले. कागद सरळच होता.

“माइक तुमच्याकडेच राहील,” ते शेवटी म्हणाले. “पण बाई, उरलेल्या एकोणचाळीस गावांचं काय? तीही ड्रायव्हरांनीच सांगितलेली ना?”

“सगळी. उद्या भांडकुदळांचं गाव आलं तर ते चार खुर्च्यांत मावणार नाही.”

“मग?”

“आठवड्याला एक बुधवार. आठ महिन्यांत चौतीस गावं बघून होतील माझी. पास तेवढा द्या. दोघांचा द्या, नवरा ऐकणार नाही.”

साहेबांनी पासाचं पुस्तक पुढे ओढलं, दोन नावं लिहिली, सही केली आणि मग पेन थांबवून विचारलं, “आणि राहिलेली पाच?”

“ती तुम्ही बघून या,” बाई म्हणाली. “मशीन काही बसने जाणार नाही.”