दगडूचा शिधा

पृथ्वीचा भार आजवर दोघांनीच वाहिला: शेषनागाने आणि माझ्या आत्तेसासूबाईंनी. शेषनागाला निदान इतरांना उपदेश करण्याची सवय नाही.

विश्रांतवाडीला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या आत्यांकडे दगडू नावाचा विटकरी रंगाचा गावठी कुत्रा होता. कुत्रा पाळणे ही चैन आहे आणि तिची भरपाई आपणच करायची, या निष्ठेने आत्या जगत. सकाळी त्याला घेऊन निघताना त्यांच्या पिशवीत कालच्या वर्तमानपत्राचे, भेळेला शोभतील असे सुबक पुडे असत. दगडूने मागे ठेवलेले सारे त्यांत गोळा होई. प्लास्टिकला त्या कामी मज्जाव होता. ते पुडे गच्चीवरच्या झाकणाच्या पिंपात, वाळक्या पानांच्या थरांखाली जात आणि वर्षभराने तिथून काळीभोर, भुसभुशीत माती निघे. ती भाजीला नाही, फक्त फुलांना. एकदा तळमजल्यावरच्या काकू मोगऱ्याची ओंजळ हुंगत म्हणाल्या, "काय घमघमाट आहे हो यंदा. खत कुठलं?"

"दगडूचं," आत्या म्हणाल्या.

काकूंनी ओंजळ फार हळुवारपणे कठड्यावर रिकामी केली.

दगडूची आंघोळ अर्ध्या बादलीत, रिठ्याच्या फेसात होई आणि ते पाणी जास्वंदीला मिळे. मी एकदा नळीच पुढे केली, तर म्हणाल्या, "अगं, खडकवासला याच्या शेपटीसाठी बांधलेलं नाही."

पण खरा सोहळा जेवणाचा. जन्मात अंड्याला न शिवलेल्या आत्या घरचा स्टीलचा डबा घेऊन चिकनच्या दुकानात रांगेत उभ्या राहत; नाकाला पदर, नजर छताच्या पंख्यावर. "आपल्याकडचं जे कुणी नेत नाही, ते द्या," असे अदबीने सांगत. मग ते टाकाऊ तुकडे बाजरीच्या कण्यांत मऊ शिजत. एकदा निवायला म्हणून माझ्या ओट्यावर ठेवलेला तो डबा माझ्या नवऱ्याने आपला समजून खराडीच्या ऑफिसात नेला. संध्याकाळी मी धास्तावून विचारले, तर म्हणाला, "छान होतं. मीठ तेवढं विसरलीस." आत्यांचा चेहरा उजळला. "बघ, भाच्याला चालतं ते दगडूला का चालू नये?"

तयार खाद्याची पाकिटे मात्र उंबऱ्याबाहेरूनच परत जात. "मासा कुठल्या समुद्रातला, पाकीट कुठल्या देशातलं, आणि जेवणार कोण, तर आमचा दगडू."

मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्या दगडूने तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. डॉक्टरांनी तपासले. "मूत्रपिंडं थकलीत. घरचं बंद. हे पाकिटातलं खाल्लं, तर काही महिने मिळतील."

आत्यांनी पाकीट उलटसुलट करून वाचले. "रिकामं झाल्यावर हे कुजतं का हो?"

"नाही. पण कुत्रा जगतो."

घरी येऊन त्यांनी पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला. चिटोरा वेगळा पडू नये म्हणून किंचित जोडलेलाच ठेवला. ते ओलसर, परका वास येणारे खाद्य तळहातावर घेऊन त्या थंड फरशीवर बसल्या. दगडूने हुंगून तोंड फिरवले. आत्यांनी हात तसाच धरला. उन्हाची तिरीप त्याच्या पांढऱ्या मिशांवरून सरकत भिंतीशी गेली, तेव्हा कुठे त्याची जीभ बाहेर आली. एकदा. मग पुन्हा. तळहात स्वच्छ झाला तरी तो चाटत राहिला आणि आत्यांनी हात मागे घेतला नाही.

बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, "अगं, दुसरं फोड."