गोदाबाईच्या लाल मासोळ्या

कापसाच्या त्या सालांचा विषय निघाला की आमच्या अमरावतीतली जुनी माणसं अजून हरखून जातात. काय दिवस होते ते! सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. गाडीवाल्यांचा तर थाट विचारू नका. गोदाबाईला मात्र तो काळ आठवतो तो मासोळ्यांवरून.

गोदाबाई माळ्याची. कोटाबाहेर मळा, त्यात शेवंती, वांगी, मिरच्या. नवरा पुंजाराम मळ्यात कमी आणि गाडीवर जास्त. कापूस भरून अकोला, बाळापूर ओलांडायचं, जिथवर रेल्वेचे रूळ आले होते तिथवर जायचं, महिना-दीड महिन्यानं परतायचं आणि चार रोज थांबून पुन्हा बैल जुंपायचे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी बाईनं नवऱ्याला सलग दोन महिने घरात पाहिलं नव्हतं. एकटीचा जीव तुटायचा तिचा. तोंडानं मात्र फाडफाड भांडायची.

एका खेपेला पुंजाराम आला तो तांब्याची कळशी पोटाशी धरून. आत तीन मासोळ्या, जास्वंदीसारख्या लालभडक. कुण्या पारशी शेठाच्या बागेतल्या हौदात असल्या चीनकडच्या मासोळ्या होत्या. तिथल्या माळ्याला यानं वऱ्हाडी मिरचीचं बी दिलं, त्यानं या दिल्या.

"लोकायनं घरी सोनं आनलं, तुमी मासोया!" गोदाबाई कडाडली. "ह्या रांधाच्या कशा?"

"रांधाच्या नाही वं, पाहाच्या!"

पाहता पाहता तिलाही त्या आवडल्या, पण ते कबूल कोण करतो? तिनं आपलं जुनंच गाऱ्हाणं काढलं. "गाडीचा धंदा कवा सोडता ते सांगा."

पुंजाराम हसला. "मी येईपर्यंत ह्या तिघी जगवून दाखव. गाडी सोडतो. अंबादेवीची आन!"

झालं! बाईनं पदर खोचला.

आता पाहुण्याला घरातलं चांगलंच भांडं द्यायचं, ही आपली रीत. गोदाबाईनं माहेरचं तांब्याचं घंगाळ काढलं. तांब्याचं पाणी म्हणजे शुद्ध, पूजेचं. रोज सकाळी मासोळ्या परातीत काढायच्या, घंगाळ चिंचेनं घासून आरशासारखं लखलखीत करायचं आणि विहिरीचं ताजं गार पाणी भरायचं. वर ज्वारीच्या कण्या मूठभर. एवढी बडदास्त तर सासऱ्याचीही कधी झाली नव्हती.

आठव्या दिवशी एक मासोळी उलटी तरंगली. बाईला वाटलं, नजर लागली. तिनं मीठ-मिरची ओवाळली आणि घंगाळ दुप्पट घासलं. चार दिवसांनी दुसरी गेली. तिसरी पाण्याच्या वर तोंड काढून कशीबशी श्वास घेत होती. मग मात्र गोदाबाईचा धीर सुटला. मासोळी नव्हे, नवराच हातातून निसटून चालला होता. ती तशीच पेढी नदीच्या काठी नत्थुजी भोयाकडं धावली. म्हाताऱ्याचा सारा जन्म नदीत मासे धरण्यात गेलेला.

नत्थुजीनं येऊन घंगाळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवं पोरी, तांब्याचं पानी मानसाले चांगलं. मासोईले इख हाये इख! त्यात तू चिंचेनं घासून राह्यली! तिले बैलाच्या डोनीत सोड. दगडाची हाये. शेवाय खरवडू नोको, सारं पानी बदलू नोको, अन् चिमूटभरच खाऊ घाल."

विहिरीजवळची बैलांना पाणी पाजायची ती दगडी डोणी, हिरवीगार, बुळबुळीत! गोदाबाईसारख्या टापटिपीच्या बाईला ती पाहवेना. शेजारची मैनाबाई टोचायची, "काहून वं, हात मोडले का तुहे?" गोदाबाई दात-ओठ खाऊन गप्प बसायची. हात शिवशिवायचे; ते ती मिरच्या खुरपण्यात गुंतवायची. पण मासोळी टवटवली. पुढं पुढं तर पावलांच्या आवाजानं वर यायला लागली.

पुंजाराम आला. गोदाबाईनं पाण्याचा तांब्याही न देता त्याला डोणीपाशी नेलं. म्हणाली, "दोन मेल्या. माह्याच हातानं मेल्या. तांब्याच्या भांड्यात ठेवल्या होत्या मी." आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. शर्त हरली होती ना!

पुंजाराम डोणीच्या काठावर बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "मी सात घेऊन निंगालो होतो, गोदे. माही कळशीबी तांब्याचीच होती. चार वाटेतच मेल्या. लाजेनं सांगतलं नाही तुले."

रडता रडता बाईचा असा संताप झाला की तिनं ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तो हसत सुटला. "म्या चार मारल्या, तुनं दोन. अन् जगवली कोनं? तूच ना? शर्त तूच जितली." त्यानं बैल गाडीचे सोडले आणि मोटेला जुंपले.

पुढं दोन-तीन वर्षांत रेल्वे बडनेऱ्याला आली आणि गाडीवाल्यांचा धंदा बसला. पुंजारामाचा मळा तोवर चांगला पिकता झाला होता. आता पुंजाराम नाही. गोदाबाई पिकल्या केसांनी बाजारात शेवंती विकते. लोक अजून म्हणतात, बाई मोठी दूरदृष्टीची, वेळेवर गाडी सोडवली.

गोदाबाई उसळून म्हणते, "मले काय मालूम रेल्वे येनार हाये म्हून? मले मानूस घरी पायजे होता!"