चिकणमातीचे मास्तर

वामन मास्तरांचा सत्कार अतिशय यशस्वी झाला. फक्त तो चालू असताना, ज्यांचा सत्कार ते वारलेले आहेत, असा अख्ख्या गावाचा समज होता. (माझाही होता. आणि मूळ कल्पना माझीच!)

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नागपूरचे साहेब लोक कागदावर आमच्या शिक्षणाची फार काळजी वाहत. प्रत्यक्षात बार्शीटाकळीहून गाडीवाटेनं आत शिरलं की लागणाऱ्या आमच्या गावात शिक्षण म्हणजे एक खोली, एक फळा आणि एकटे वामन मास्तर. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल, अंगात काळा कोट. आवाज असा, की कोरड्या विहिरीतून कुणीतरी बोलतंय.

दिवाळी सरली, कापूस फुटला, की शाळा ओस पडे. सगळी पोरं वेचणीला. पण मास्तर घंटा देत, रिकाम्या खोलीत उभे राहत आणि शिकवत. दुपारच्या सामसुमीत शाळेवरून जाताना ऐकू येई, "सांग पाहू, नऊ साते?" मग उत्तरापुरती शांतता. मग समाधानानं, "शाब्बास!" आमची माय तिथून जाताना पदर तोंडाला लावून पळायची.

"आत पोट्टं नाई न लेकरू नाई," ती म्हणे, "मंग मास्तरले उत्तर कोन देऊन राह्यलं?"

मी सातवी पास होतो, वर्तमानपत्र वाचत होतो आणि भुताखेतांवर माझा मुळीच विश्वास नव्हता. तरीही मी पलीकडच्या वाटेनं जात असे. (ती वाट जवळची होती, असं मी सांगत असे. ती लांबची होती!)

त्या वर्षी मास्तरांनी पाटलांना शांतपणे सांगितलं, "अकोल्याच्या शाळेत बोलावलंय. तिथं म्हणे बाराही महिने मुलं येतात. महिन्याभरानं, बाजाराच्या दिवशी जातो आणि होकार देऊन येतो."

मास्तर गेले तर शाळेला कुलूप लागणार होतं. शिवाय गावाची पत्रं तेच लिहीत, तापावर काढा तेच देत आणि कोर्टाचं समन्स आलं तर घाबरायचं की नाही, हेही तेच ठरवत. पारावर सभा भरली.

"मास्तरचा सत्कार करू," पाटील म्हणाले. "शाल देऊ, नारय देऊ."

"शाल तं कोनीबी देते. आपन त्याईले कापसानं तोलू!"

"हत्तीवरून मिरवनूक काढू न!"

"हत्ती कुठून आनतं बे?"

"मंग रेड्यावरून काढतं का?"

बराच वेळ असं चाललं. मास्तरांना पोरं हवी आहेत, तर पोरं पाठवा, असं एकही शहाणा बोलला नाही. सभेतला सर्वात शिकलेला मी. तेव्हा मूर्खपणाचा शेवटचा शब्दही माझाच असणार हे ओघानंच आलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "विलायतेत थोर मानसाचा पुतळा उभारतेत."

विलायतेपुढे आमच्याकडे कुणी बोलत नसे. पाटील म्हणाले, "मंग तूच पाह्य बा, किसना. उभारून झाला का सांग." आणि सभा उठली.

माझे मामा अकोल्यात गणपती घडवत. चिकणमातीत कापूस कुटून, आतून तणसाचा सांगाडा बांधून ते असा गणपती करत, की पाहणाऱ्याचे हात आपोआप जुळत. गणपती सोडून त्यांनी जन्मात दुसरं काही केलं नव्हतं. पण बहिणीच्या लेकाला नाही कसं म्हणणार? ते आमच्याकडे पाहुणे म्हणून आले, दोन दिवस मास्तरांच्या समोर बसून त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले आणि परत गेले. (मास्तर नंतर म्हणाले, "तुझे मामा आजारी आहेत का रे? डोळ्यांची पापणी लवत नव्हती.") मायनं शिंप्याला माप दाखवायचं सांगून मास्तरांचा जुना कोट आणि रुमाल मागून आणला. सभा उठली तसं गाव पुतळा विसरलं होतं, आणि मूर्तीची गोष्ट आम्ही घरातल्या घरातच ठेवली. मानाची वस्तू अचानक पुढे आली म्हणजे शोभते, असं माझं मत होतं.

त्या बाजाराच्या आदल्या दिवशी बाबा आणि मी गाडी जुंपून अकोल्याला गेलो, कारण मूर्ती त्याआधी सुकत नव्हती. दुसऱ्या दिवशी मामांच्या कारखान्यात शिरलो. आत अंधार. ओळीनं बिनमुंडक्यांची धडं, भिंतीला टांगलेल्या सोंडा, टोपलीत नुसते हात. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, खुर्चीत, वामन मास्तर बसलेले.

मी टोपी काढली. "नमस्कार, मास्तर. तुमी इथं कवा आले?"

मास्तर बोलले नाहीत. मागून मामा खो-खो हसले तेव्हा माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला. तोच रुमाल, तोच कोट, गालाचा तोच खड्डा. डोळे असे, की मी डावीकडे सरकलो तरी माझ्यावर आणि उजवीकडे सरकलो तरी माझ्यावर. बाबा गाडीतला कडबा नीट करायचा आहे म्हणून बाहेर गेले ते मूर्ती झाकेपर्यंत आत आले नाहीत.

"मामा," मी म्हटलं, "उजवा हात कावून वर हाय?"

"काय सांगू भाच्या! आजलोक याच हातानं गनपतीच केले न. उजवा हात आपोआप वर जाते. मोदक देऊ नको म्हनून हाताले किती समजावलं, ते माह्यं मले माईत!"

गणपतीचा तो हात आशीर्वाद देतो. मास्तरांचा तोच हात, आता मुस्कटात बसणार, असा दिसत होता.

मूर्ती गाडीत बसवली. रंग अजून ओलसर, म्हणून धुळीपासून जपायला वरून पांढरं धोतर पांघरलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बाबा पडले माळी. फुलांशिवाय वस्तू हलवणं त्यांना अंगावर सदरा नसल्यासारखं वाटे. त्यांनी झेंडूचे आणि शेवंतीचे हार घातले, कडेनं तुळशी खोचल्या आणि वाऱ्यानं धोतर उडू नये म्हणून दोरीनं आवळलं.

आमच्या भागात काही समाजांत माणूस गेला की त्याला बसवून नेतात. हे बाबांना माहीत होतं. मलाही होतं. पण आपण काय घेऊन चाललो आहोत हे ज्याला ठाऊक असतं, त्याला ते कसं दिसतं हे सुचत नाही.

बार्शीटाकळीत शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. आमची गाडी दिसली तशी लोकांची बोलणी थांबत गेली. पानवाल्यानं दिवा लावता लावता हात जोडले. एका म्हातारीनं बैलांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. कुणी गुलाल उधळला.

"पाह्य किसना," बाबांचा ऊर भरून आला. "मास्तरले इथं किती मान हाय!"

एकानं हळूच विचारलं, "कोन व्हय भाऊ?"

"आमचे वामन मास्तर."

"अरारारा! सोन्यासारखा मानूस!"

"मंग!" बाबा अभिमानानं म्हणाले.

तेवढ्यात वाऱ्यानं धोतराचं टोक उडालं आणि मास्तरांनी बाजाराकडे पाहिलं. एक बाई किंचाळली. आमच्याच गावचा तेली बाजार करून आपल्या दमणीत चढत होता. त्यानं ते तोंड पाहिलं, बैलांना चाबूक ओढला आणि आमच्या पुढून धुरळा उडवत निघून गेला. मी हाक मारली. तो वळला नाही.

अंधारता अंधारता गावाच्या शिवेवर पोहोचलो, तर रडणं ऐकू आलं. अख्खं गाव वाटेवर उभं होतं. पाटील डोक्याचा पटका काढून हातात धरून उभे.

बाबा गाडीवरून उतरले. "काय झालं बापा?"

"मास्तर गेले न, मारोती!" पाटलांना हुंदका आवरेना.

आम्ही कालपासून गावात नव्हतो. माणूस अकोल्याला निघण्याआधीच गावात मेला असणार, असंच आम्हाला वाटलं. आमच्याच गाडीची बातमी आमच्याआधी घरी पोहोचली आहे, हे कळायला डोकं ठिकाणावर लागतं.

"जित्या मानसाची मूर्ती केली न आपन!" बाबा माझ्या कानाशी कुजबुजले. "तिनं ओढून नेलं त्याईले! काय केलं बे तुनं!"

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण मागं गाडीत दोर करकरला. मी वळून पाहिलं नाही.

चार गड्यांनी मूर्ती उचलून शाळेत नेली आणि मास्तरांच्या खुर्चीत बसवली. मास्तरांचं प्रेत कुठं आहे, हे विचारायचं आम्हा दोघांना सुचलंच नाही.

"जपून," मी कसाबसा म्हणालो, "रंग ओला हाय."

"पोरगं बावचळलं," कुणीतरी म्हणालं.

धोतर सोडलं. एका पणतीच्या उजेडात मास्तर आपल्या जागी बसले होते, हात उगारून. बायांनी हंबरडा फोडला.

"आशीर्वाद देता देता प्रान गेला वो माय!"

तेल्यानं पायाला हात लावून झटकन मागं घेतला. "थंडगार!"

मग पाटील पुढे झाले. "मास्तर, चुकलो आमी. तुमी भिताडाले शिकवत होते न आमी कापूस मोजत होतो. परत या. पुढच्या वेचनीले एक पोट्टं वावरात दिसलं तं मी पाटील नाई!"

"आमचेबी पाठवू!"

"माह्या तिन्ही पोरीबी पाठवतो, मास्तर!"

आयुष्यात आमच्या गावानं इतकी शहाणी सभा घेतली नव्हती. माझ्या खिशात मानपत्र होतं. मूर्तीसोबत वाचायला लिहिलेलं, पुस्तकी भाषेत, एकेक वाक्य बैलगाडीच्या वाटेइतकं लांब. मला वाटलं, निदान तेवढं तरी मास्तरांच्या पदरात टाकावं. मी वाचू लागलो. "हे ज्ञानसूर्या, ज्याच्या प्रखर किरणांनी आमच्या अज्ञानरूपी काळोखाचा, जो पिढ्यान्‌पिढ्या, आणि ज्यामध्ये आम्ही, नव्हे आमचे पूर्वजही..."

अंधारातून, कोरड्या विहिरीतून आल्यासारखा आवाज आला, "वाक्य फार लांब झालं, किसन. थांब. श्वास घे."

मी श्वास घेतला. शपथेवर सांगतो, मेलेल्या मास्तरांचीसुद्धा आज्ञा मोडायची माझी हिंमत झाली नाही!

कुणी मागं पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे खुर्चीवर. पणती फडफडली आणि मास्तरांच्या ओठांवरून सावली सरकली. पाटलांनी खुर्चीतल्या पायांवर लोळण घेतली आणि ते ओरडत उठले. त्यांच्या हातात मास्तरांच्या उजव्या पायाचा अंगठा आला होता! जिथून निघाला, तिथून तणस बाहेर डोकावत होतं.

मग जे झालं, त्याला पळापळ म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. दार एकच, आणि दारात वामन मास्तर उभे! खुर्चीत एक, दारात एक! तेली खिडकीतून गेला. (ती खिडकी मांजरासाठी ठेवलेली होती.) बाबांनी डोळे मिटून तुळशीमाळ ओढायला सुरुवात केली.

"पणती इकडे आणा," दारातले मास्तर म्हणाले.

पणती मी नेली. बाकी कुणी जागेवर नव्हतंच. मास्तर आत आले, तसं मोकळ्या दारातून सगळं गाव बाहेर पडलं. मास्तर स्वतःसमोर उभे राहिले आणि पाहत राहिले. पाहता पाहता त्यांचाही चेहरा उतरला. बाहेरून लोक जीव मुठीत धरून डोकावत होते. शेवटी ते म्हणाले, "कान फार मोठे केलेत."

मी सगळं सांगितलं. मामा, धोतर, झेंडू, सगळं. ते हसले नाहीत. अकोल्याच्या शाळेचे साहेब दौऱ्यावर गेल्यामुळे त्यांची भेट झाली नव्हती. पायी परतताना त्यांना वाटेत दोघं भेटले, ते त्यांना पाहून शेतात पळाले. तसं का, ते त्यांना आता कळलं.

"दारात उभा राहून ऐकलं मी सगळं," ते म्हणाले. "पाटील, पोरांचं काय म्हणालात मघाशी?"

पाटील दाराबाहेरूनच म्हणाले, "मास्तर, ते तं तुमी गेले म्हनून म्हटलं न. जित्या मानसाले देल्लं वचन पुढंमागं होते. मेल्याले देल्लं मोडता येत नाई. वंश बुडते!"

"मग मी मेलोय असंच धरून चाला," मास्तर म्हणाले. "शाल नको, नारळ नको. अकोल्याला नाही कळवतो. आणि जे पोर शाळेत दिसणार नाही, त्याला वावरातून आणायचं काम या मानपत्रवाल्याचं."

आमच्या पंचक्रोशीत शिक्षकाचा एवढा मोठा सन्मान कुणी केला नसेल. आणि सन्मान केल्याबद्दल एवढी लांब सजाही कुणी भोगली नसेल. मास्तर तिथंच राहिले, थकेपर्यंत. वेचणीच्या दिवसांत पहाटे धुकं असे. मी थंडीसाठी पांढरं धोतर डोक्यावरून घेऊन बांधाबांधानं फिरे, कपाशीच्या पऱ्हाटीत लपलेली पोरं शोधून, न बोलता मनगट धरून उभी करे. बोललो असतो, पण सर्दी झालेली असे. बाया घाबरून ओटीतला कापूस सांडत. हळूहळू शेजारच्या गावांतही, जिथं मला कुणी पाहिलंही नव्हतं, रडणारी पोरं माझ्या नावानं गप्प होऊ लागली.

मी ते हसण्यावारी नेत असे. पुढं माझं लग्न झालं, घरात पाळणा हलला. एकदा तिन्हीसांजेला मळ्यातून लवकर परतलो, तर बायको आत आमच्याच लेकराला थोपटत सांगत होती, "निज माह्या राजा, निज. नाई तं तुहा बाप येते!"